पाठीवरचा राणबाचा पंजा

आमच्या किराणा दुकानात मागच्या बाजूला रिकामी पोती साठायची. कधी साठली ते कळायचं नाही, टाकवायची नाहीत, आणि एक ओढायला जावं तर चार अंगावर यायची. किश्श्यांचं तसंच आहे. कुणी नुसतं म्हणावं, "शिवाप्पा, तुमच्या टीमचं सांगा की!" की माझा दिवस गेलाच.

टीम पालीची. बीडजवळचं पाली. काळ निजामाचा. टीम हा शब्दसुद्धा आम्हाला मागाहून कळला, तेव्हा नुसते 'पालीचे गडी' म्हणायचे. हैदराबादच्या पेपरात आमचं नाव कधी आलं नाही आणि येण्यासारखंही काही नव्हतं. जत्रा, उरूस, आठवडी बाजार, जिथं माणसं जमतील तिथं आमची आट्यापाट्यांची मॅच.

आता आट्यापाट्या म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं, याचा मला राग येतो. पण सांगतो. लांबट मैदान. त्यावर आडव्या रेघा, त्या पाट्या. एकेका पाटीवर एकेक गडी राखण करायला उभा. समोरच्यांनी हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि परत यायचं. राखणदाराचा हात लागला की बाद. आणि मधोमध, सगळ्या पाट्यांना कापत जाणारी एक उभी रेघ. तिच्यावर वरपासून खालपर्यंत पळणारा एकच गडी, त्याला म्हणायचे सूर. आम्ही आपापली पाटी सांभाळायची, सुरानं सगळं मैदान सांभाळायचं.

आमचा सूर होता राणबा लोहार. उंच, सडपातळ, हात गुडघ्यापर्यंत. असा सूर मी पुन्हा पाहिला नाही, आणि हे मी म्हातारा झालो म्हणून म्हणत नाही!

*

राणबा भट्टीवरून उठायचा तो थेट मैदानात. हात धुवायचे वगैरे लाड नव्हते. पळणाऱ्याला तो कधी फटका मारायचा नाही. हलकेच पाठीवर पंजा ठेवायचा आणि म्हणायचा, "बस, दादा."

एकदा वडवणीचा कॅप्टन बळीराम असाच बाद झाला आणि पेटला. "हात लागलाच न्हाई! कपिलधारच्या देवाची आन, न्हाई लागला!" पंच होते बीडच्या शाळेतले एक मास्तर. भला माणूस, पण आवाज चढला की गोंधळायचा.

आमचा कॅप्टन हसनचाचा. गाडीवान माणूस, टीमची ने-आण त्याच्याच बैलगाडीतून व्हायची. तो सावकाश पुढे आला, बळीरामला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं आणि पाठ मास्तरांकडे केली. पांढऱ्याशुभ्र बंडीवर पाची काळी बोटं!

"मास्टरसाब, इसकू पूछो नक्को. इसकी पीठकू पूछो!"

पुढच्या मॅचला बळीराम साबण घेऊनच आला. आधी राणबानं हात धुवायचे, नाहीतर वडवणी उतरणार नाही! राणबानं निमूट धुतले, हुंगून पाहिले आणि म्हणाला, "आज घरी बायकू मला वळखायची न्हाई." तेव्हापासून वडवणीचे गडी यायच्या आधी वडवणीचा साबण यायचा. बळीराम स्वतः लोटीनं पाणी घालायचा आणि नखंसुद्धा तपासायचा.

*

वडवणीवाल्यांचं काही सांगू नका. जिंकण्यासाठी ते काय करतील याचा नेम नव्हता.

आमच्याकडे रीत अशी की हरलेल्या गावानं जिंकलेल्यांना जेवू घालायचं. एकदा वडवणीत एकाच दिवशी दोन मॅच होत्या, एक सकाळी, एक उन्हं कलल्यावर. सकाळची आम्ही हसतखेळत जिंकली. इतकी सोपी की आम्हालाच लाजल्यासारखं झालं. मग पंगत बसली. पुरणपोळ्या, वर तुपाची धार. बळीराम स्वतः वाढायला. "घ्या हो पाव्हनं, तुमी जिंकलात, आमचं भाग्य! शिवल्या, लाजतू कावून? तूप ताजं हाय." मी लाजलो नाही. कुणीच लाजलं नाही.

दुसऱ्या मॅचला आमच्यातल्या एकालाही वाकता येईना. वडवणीचे गडी आमच्यामधून असे गेले की जसे काही आम्ही शेताच्या बांधावरचे दगड! माझ्या पाटीवरून तर एकजण चालत गेला, पळालासुद्धा नाही.

एकटा राणबा पळत होता. हसनचाचानं मागाहून विचारलं, "तू कायकू नहीं खाया बे?"

"मी बळीरामच्या पानाकडं बघत व्हतो," राणबा म्हणाला. "सगळ्यास्नी आग्रह करून वाढतंय आन् सोता अर्धीच पोळी घिऊन बसलंय. म्हनलं, ह्यात काय तरी हाय."

पंगतीच्या त्या टोकाला बसलेल्याच्या पानातली अर्धी पोळी! राणबाची नजर तेव्हा अशी होती.

*

हैदराबादहून एक साहेब आले होते. सरकारी दौऱ्यावर होते, पण खेळाचे शौकीन. राणबाचा खेळ पाहून खुर्चीवरून उठले. म्हणाले, याला मी शहरात नेतो. तिथल्या कारखान्यात नोकरी, राहायला खोली, आणि मोठ्या टीमकडून खेळायचं. आम्हाला तर वाटलं, आता पालीचं नाव निघणार!

साहेबांनी गंमत म्हणून खिशातलं घड्याळ काढलं, हातभर लांब धरलं आणि विचारलं, "बोलो जवान, किती वाजले?"

राणबा बघत राहिला. मग हसून म्हणाला, "साहेब, आमा गरिबाला घड्याळ कुठलं कळतंय? आन् मी आलो तर भाता कोन वडनार? ऱ्हाऊ द्या."

आम्ही खूप हसलो. साहेबसुद्धा हसले आणि गेले. परतताना गाडीत मी त्या नोकरीवरून राणबाची चेष्टा करत होतो. हसनचाचा नुसता बैल हाकत होता. राणबा त्याच्या घराशी उतरल्यावर चाचानं बैलांचे कासरे ओढले आणि मागं वळून मला विचारलं, "शिवल्या, कचेरीतलं घड्याळ बंद पडलं की कोन दुरुस्त करतंय रे?"

राणबाच करायचा. सगळ्या पालीला ठाऊक होतं.

*

मग एका सकाळी सारजावहिनी आमच्या दुकानात आली. राणबाची बायको. बोलायला एकदम फटकळ, टीमला तिनं 'रिकामटेकडे' हेच नाव ठेवलं होतं. हसनचाचा पोतं उतरवत होता. तिनं मीठ मागितलं, मीठ घेतलं, तरी जाईना.

"भावजी, त्यास्नी दिसंना झालंय," ती म्हणाली. "डावीकडचं तर काईच न्हाई. भट्टी बघून बघून डोळं गेलं. काल माझ्या ताटाला पाय लावला. मला वाटलं रागं भरलेत. कुनाला सांगू देत न्हाईत."

चाचा म्हणाला, "बेटी, खेल बंद कराऊं क्या?"

"न्हाई!" ती एवढ्यांदा ओरडली की रस्त्यावरची माणसं थांबली. मग हळू म्हणाली, "ल्योक आता भट्टी सांभाळतोय, ह्ये निस्ता कोळसा घालून भाता वडत्यात. त्यास्नी ह्यो खेळच ऱ्हायलाय. त्येबी गेलं तर मानूस बसंल. आन् तुमी दया करतायसा असं कळलं, तर त्येच सोडून देतील. मी आलते म्हनून सांगू नगा."

मीठ तिथंच विसरून ती गेली. मी ते नेऊन दिलं, आणि वाटेत मला रडू आलं ते इथं सांगून टाकतो.

*

त्यानंतर आमच्या टीमच्या दोन नव्या खोडी सुरू झाल्या.

पहिली, मधली रेघ राखेनं आखायची नाही, कुदळीनं चर काढायचा. म्हणजे राणबाच्या अनवाणी पायाला ती लागायची. कुणी विचारलं की हसनचाचा म्हणायचा, "हमारे गांव की रीत हाय!" दुसरी खोड, आम्ही पाटीवाले सारखे ओरडायचो. "आला रं, माझ्याकडनं आला! उजवीकडं घुसला!" पूर्वी गप्प खेळणारी पाली आता बाजार भरल्यासारखी वाटायची. राणबा आवाजावर झेपावायचा आणि पंजा बरोबर पाठीवर. त्याला काय कळत होतं, काय नव्हतं, कोण जाणे. तो विचारायचा नाही आणि आम्ही बोलायचो नाही.

मास्तरांनी एकदा खेळ थांबवला. "हा काय गोंगाट? खेळ आहे की भांडण?"

चाचानं हात जोडले. "माफ करो मास्टरसाब. हमारे गांव में सब थोडे बहिरे हैं."

त्याच मॅचमध्ये ते घडलं. मास्तर नीट दिसावं म्हणून पाट्यांच्या आत येऊन उभे होते. राणबा चरावरून धावत आला, थांबला, हात लांब केला आणि मास्तरांच्या कोटावर पंजा ठेवून म्हणाला, "बस, दादा."

 हसायला सुद्धा कुणी धजेना.  मास्तरांनी राणबाच्या तोंडाकडे पाहिलं. राणबा त्यांच्या खांद्यापलीकडे कुठंतरी पाहत होता.

मास्तरांनी कोट झटकला नाही. "बरोबर आहे. पंचानं आत यायला नको होतं. मी बाद!" असं म्हणाले आणि रेघेबाहेर जाऊन उभे राहिले. पुढं कायम त्यांनी बाहेरूनच पंचगिरी केली. आणि गोंगाटाबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

*

आता कपिलधारच्या जत्रेचं सांगतो आणि तुम्हाला घरी सोडतो.

समोर वडवणी. डोंगराच्या कुशीतलं मैदान, चारी बाजूंनी माणसं, सारजावहिनीसुद्धा पहिल्यांदाच बघायला आलेली. आम्ही मधला चर काढला. एवढ्यात मंदिरातून निरोप आला. आत भजन बसलंय. खेळा खुशाल, पण ओरडायचं नाही. जो ओरडेल त्याचं गाव बाद.

हसनचाचानं हातातली कुदळ टाकली. आमच्या आवाजाशिवाय राणबाला काय कळणार? पळणारे त्याच्या बगलेतून निघून जातील आणि तो चरावर उभा राहील, सगळ्या जत्रेसमोर. त्याला बसवावं, तर का बसवलं ते त्याला लगेच कळणार. सारजावहिनीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

तेवढ्यात बळीराम आला. रिकाम्या हातानं आला. नेहमीची टिंगल करायची म्हणून म्हणाला, "काय रानबा, आज किती जनांच्या बंड्या नासवनार?"

"तूच पयला," राणबा म्हणाला. हसून म्हणाला. पण बळीराम उभा होता डावीकडे, आणि राणबा हे बोलला ते उजवीकडे, जिथं आमच्या गाडीचं जू होतं.

 बळीरामनं आमच्या कुदळीनं काढलेल्या चराकडे पाहिलं. मग हसनचाचाकडे पाहिलं. चाचानं मान खाली घातली. बळीराम वळला आणि आपल्या गाड्या सोडल्या होत्या तिकडे निघून गेला.

मी चाचाला म्हटलं, "संपलं. आता ह्यो डावीकडूनच गडी घालनार."

राणबा चरावर जाऊन उभा राहिला. आम्ही आपापल्या पाट्या धरल्या. मंदिरातून टाळ ऐकू येत होते, बाकी सगळं शांत. मास्तरांनी हात वर केला.

आणि वडवणीचे गडी मैदानात आले. छुम, छुम, छुम.

प्रत्येकाच्या पायात बैलाची घुंगरमाळ बांधलेली! जत्रेसाठी सजवून आणलेल्या बैलांच्या गळ्यातून सोडवलेल्या माळा. गडी नुसता उभा राहिला तरी वाजायचा.

मास्तर पुढे झाले. "बळीराम, हे काय?"

"आमच्या गावची रीत हाय, मास्तर," बळीराम म्हणाला. "आन् देवाच्या दारात घुंगराला कोन न्हाई म्हनंल?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि रेघेबाहेर आपल्या जागेवर गेले.

मी राणबाकडे बघत होतो. त्याचा चेहरा एकदम उतरला. त्याला कळलं होतं. आम्हाला माहीत आहे हे कळलं होतं, वडवणीला कळलंय हेही कळलं होतं. मला वाटलं, आता हा चरावरून बाहेर येणार आणि पुन्हा कधी पाय ठेवणार नाही. चाचा पुटपुटत होता, "या अल्ला, या अल्ला."

राणबानं मान जरा तिरपी केली. ऐकलं. मग विचारलं, "बळीराम, बैलं नागवी करून आलास व्हय रं?"

"तुझ्यापायी, बे!"

राणबा हसला. पायानं चर चाचपला आणि गुडघ्यात वाकून उभा राहिला.

पहिला बळीरामच घुसला. आणि खोटं सांगत नाही, तो जीव तोडून पळाला. माझी पाटी शेवटची, मला सगळं समोर दिसत होतं. त्यानं पहिल्या पाटीवरच्याला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, उजवीकडे हुलकावणी दिली आणि डावीकडून मुसंडी मारली. घुंगरं नुसती झणाणत होती. राणबा चरावरून त्या आवाजामागं सुटला, हात लांब केला आणि हलकेच पाठीवर ठेवला.

"बस, दादा."

बळीराम थांबला. पांढऱ्या बंडीवर पाची काळी बोटं स्पष्ट उमटली होती. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी वडवणीचा साबण बळीरामनं गाडीतून खाली काढलाच नव्हता.