तेरेझाबाईंचा डबा

चित्रांच्या जत्रेसाठी पोर्तुगालला गेले, तेव्हा तेरेझाबाईंकडे उतरले होते. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. पहिल्याच सकाळी त्यांनी मला डब्यात पाव आणि चीज बांधून दिलं. संध्याकाळी परतताना लक्षात आलं, डबा रिकामा आहे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायची आमच्याकडे रीत नाही. त्यात रविवार, दुकानं बंद. मग घरामागच्या टेकडीवर चढले, पाइनची वाळलेली बोंडं वेचली आणि डबा भरून त्यांच्या हातात दिला.

झाकण उघडून त्या म्हणाल्या, "हे खायचं कसं?"

मी रीत समजावली. त्या पोट धरून हसल्या आणि बोंडं खिडकीत ओळीनं मांडून बसल्या. दिवसभर शेकडो चित्रं पाहिली होती. आज आठवते ती फक्त ती खिडकी. माणसांनी एकमेकांकडे पुन्हा पुन्हा जावं, म्हणूनच ही रीत पडली असेल का?

निघताना त्यांनी तोच डबा सुक्या अंजिरांनी भरून दिला. साळसूदपणे म्हणाल्या, "रिकामा परत करायचा नाही हं."

अंजिरं केव्हाच संपली. आज मी चिवड्यासाठी पोहे उन्हात घातलेत.