फेसाचं दूध

ब्राह्मणपुरीत धनुबाईचं एकच औषध होतं. आजाऱ्याला, बाळंतिणीला, वाळलेल्या पोराला ती कासेखाली पेला धरून फेसाळतं, कोमट दूध काढून द्यायची. उकळलं की दुधातली ताकद मरते, असं ती मानायची. छोट्या चंदनची आई, सून काजल, हिच्या मानेला गाठी आल्या, ती खंगू लागली, तेव्हापासून तिलाही रोज हेच चाललं होतं.

आज सकाळी जनावरांच्या डॉक्टरने धनुबाईच्या गायीच्या मानेवर तीन दिवसांपूर्वी तपासणीसाठी टोचलेल्या जागेची सूज मोजली.

"क्षय आहे हिला. कच्चं दूध कोणी पीत नाही ना?"

"नही भाऊ," धनुबाई म्हणाली.

संध्याकाळी तिने धार काढली, कारण भरली कास गायीला सोसवत नाही. ती बादली उकिरड्यावर ओतत असताना काजल पेला घेऊन आली.

"आत्याबाई, उकिरडाले पाजतस, मन्हावर रुसनात का?"

धनुबाईला स्वतःच्या हातांची भीती वाटली.

"गायले क्षय शे, पोरी. डॉक्टरले मी खोटं बोलनू. चाल, शहादाले तुन्ह्या गाठी दखाडूत."

काजलचं हसू गेलं.

"पेलामा उरेल उष्टं दूध मी रोज मन्हा चंदनले पाजस," ती म्हणाली.