अठ्ठ्याण्णवचं उद्घाटन

आमच्या वडगावात पहिला संगणक आला तेव्हा तो बघायला पंचक्रोशीतून माणसं गाड्या जुंपून आली होती, असं मी सांगतो. गावातले म्हणतात की गाड्या दोनच होत्या आणि त्याही बाजाराला आल्या होत्या. पण बघून गेल्या की नाही?

संगणक आणला होता माझ्या चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी. आम्ही वाणी माणसं, बापजाद्यांपासून सरकीची पेंड विकणारे. आप्पांनी दुकानामागची पेंडीची खोली रिकामी केली, चुना मारला आणि बाहेर संगणक क्लासचा बोर्ड लावला. शिकवायला मी, कारण मांजरा आणि सिंदफणा या दोन नद्यांच्या मधे औरंगाबादहून कोर्स करून आलेला मी एकटाच जीव होतो. खोलीत शिरायचं तर पाय धुवावे लागत. गावातले काही पाय जन्मात पहिल्यांदा त्या निमित्तानं धुतले गेले. चुना मारूनही पेंडीचा वास काही गेला नाही, त्यामुळे शेजारची म्हैस वर्गाच्या वेळेला खिडकीत तोंड घालून उभी राहायची. हजेरी तिची सगळ्यात चांगली होती.

काकूला हा उद्योग मान्य नव्हता. पेंड खाल्ल्यावर म्हैस दूध तरी देते, हा संगणक काय देतो, असं ती रोज विचारायची. आप्पांनी तिला शब्द दिला होता की क्लास चालला नाही तर खोलीत परत पोती लावू.

आणि क्लास बसायला आला. आमच्या संगणकातल्या प्रणालीचा नंबर पंच्याण्णव होता. केजच्या एका क्लासनं अठ्ठ्याण्णव घातलं आणि तसा बोर्ड लावला. आमच्याकडं कापसाचं बियाणं नंबरावर खपतं. नंबर चढला की उतारा चढला, हे लेकरालाही कळतं. एका पोराचा बाप दारात उभा राहून मला म्हणाला, "केजला अठ्ठ्याण्णव शिकवत्यात. आमच्या पोरानं तीन कमी कावून शिकावं?"

मी त्याला फरक समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी पोरगं केजच्या एसटीत होतं. असं करत निम्मी खोली रिकामी झाली आणि काकू एक दिवस येऊन वितीनं भिंत मोजून गेली.

मग आप्पा औरंगाबादेहून अठ्ठ्याण्णवची सीडी घेऊन आले आणि देवघरात ठेवली. मी म्हणालो, आत्ता घालून टाकतो. आप्पा म्हणाले, गुपचूप वाढवलेला नंबर कोण खरा मानतं? नंबर चारचौघांत वाढला पाहिजे, पुढाऱ्याच्या हातानं.

तालुक्याच्या साहेबांनी यायचं कबूल केलं. अर्धं आयुष्य एका पक्षात काढून साहेब नुकतेच दुसऱ्यात गेले होते, त्यामुळे बोलावतील तिथं जात होते. दुकानापुढं मांडव पडला, भोंगा लागला, संगणक टेबलावर आणून त्याला हार घातला. लाईट घालवू नये म्हणून लाईनमनला पहिल्या रांगेत बसवलं. केजला गेलेली पोरं बापांसकट आली होती. आप्पा त्यांच्याकडं बघत नव्हते, पण दुसरीकडंही बघत नव्हते.

साहेबांनी फीत कापली, नारळ फोडला. मी त्यांचं बोट माऊसवर ठेवलं, त्यांनी दाबलं. संगणक उसाचा घाणा चालावा तसा घरघरला आणि सीडी वाचता येत नाही म्हणाला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी सीडी बाहेर काढली. चकचकीत बाजूवर भस्माचे तीन ठळक पट्टे.

आमच्या घरी नवी वस्तू भस्म लावल्याशिवाय वापरात येत नाही. तराजूला लागलंय, लूनाच्या दिव्याला लागलंय, नव्या जावयालाही लागलंय. पण मी हळूच विचारलं, "आप्पा, ह्या बाजूला लावलं?"

"मग? छापील बाजू पाठ हाय. भस्म कुणी पाठीला लावतं का?"

"आप्पा, मशीन हीच बाजू वाचतं."

"वाचू दे की. देवाचंच हाय."

आता पुसायला मऊ सुती कापड पाहिजे. सगळा मांडव टेरीकॉटमध्ये. सत्काराचा टॉवेल नवाकोरा, त्यानं म्हशीचं कातडं निघालं असतं. साहेबांच्या गळ्यातलं नव्या पक्षाचं उपरणं तर असं कडक, की मान वळली तरी ते वळत नव्हतं. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरनं जीपच्या सीटखालून जुन्या पक्षाचं उपरणं काढून आणलं. वर्षानुवर्षं धुवून लोण्यासारखं झालेलं. साहेब कुणाकडं न बघता म्हणाले, "असू द्यावं. लागतं."

मी त्या उपरण्यानं मधून कडेला असं भस्म पुसलं. या वेळी संगणक गप सीडी वाचायला लागला. आतलं काम होईस्तोवर साहेबांनी भाषण केलं. साहेबांचं भाषण म्हणजे सुरू झालं तेव्हा लावलेला ऊस संपेपर्यंत माजलगावच्या कारखान्यात जातो. त्या दिवशी पहिल्यांदाच ते मशीनचं काम संपायच्या आधी थांबले आणि परत सुरू झाले.

शेवटी पडदा उजळला. सगळे उठून पुढं सरकले. पडदा होता तसाच होता. तीच चित्रं, तोच रंग, खालची तीच पट्टी.

तो 'तीन कमी'वाला बाप म्हणाला, "आप्पा, हे तर पहिलंच हाय."

काकू दारात उभी होती. आप्पांनी पडद्याकडं बघितलं, काकूकडं बघितलं, मग साहेबांकडं.

"साहेब पक्ष बदलून आले," आप्पा म्हणाले. "तोंड बदललंय का? न्हाई. आतून बदललेत. ह्येचंबी तसंच हाय."

साहेब एका हातात जुनं उपरणं घेऊन उभे होते. ते माझ्याजवळ वाकले आणि माईकपासून तोंड बाजूला घेऊन म्हणाले, "जुनं पुसून टाकलं का बे?"

"न्हाई साहेब, आत ठिवलंय. वाटलं तर माघारी जाता येतं."

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी माईक ओढला आणि सांगितलं की असलं समजदार मशीन आपण मुंबईतसुद्धा बघितलं नाही, आपली पोरं इथंच घाला.

सोमवारी खोली भरली. पाय धुवायला रांग लागली आणि म्हशीला खिडकीत जागा मिळेना. काकूनं भिंतीला परत वीत लावली नाही.

पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर साहेब माघारी गेले. आम्ही अठ्ठ्याण्णववरच राहिलो.