किवी नको, पेरू आण

गेल्या वर्षी डेंग्यूतून उठले, तेव्हा खराडीहून मुलगा किवीचा प्लास्टिकचा डबा घेऊन आला. डब्यावर परदेशाचं नाव होतं. मी म्हटलं, "हे मी खाणार नाही. एवढं इंधन जाळून आणलेलं फळ मला कशाला? पुरंदरचे पेरू संपले का?"

"आई, आजारपणात तरी तत्त्वं बाजूला ठेव," तो चिडला.

"आजारपणात सोडायची, तर ती तत्त्वं कसली?"

त्यानं सदाशिव पेठेतल्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "पेरू चालेल की. किवीच खायला हवं, असं मी कुठं म्हटलं?"

मुलगा खाली जाऊन पेरू घेऊन आला. मी ते मीठ लावून, त्याच्यासमोर बसून खाल्ले. डबा त्याला परत न्यायला लावला. मी बरी झाले, माझ्या हट्टासकट.