हळदीचा पिवळा

"लाल नको, निळं नको. हळद हाय राव! नाव पिवळंच पायजे."

कळंबच्या मंगल कार्यालयात नवरीचे चुलते माझ्यासमोर उभे होते. पाचला हळद. खिडक्यांना काळे पडदे, आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर माझ्या नव्याकोऱ्या लेझर मशीनने लिहिलेलं नवरीचं नाव: सायली. लेझरचं माझं पहिलंच काम.

"भाऊ, मशीनमध्ये तीनच किरण आहेत. लाल, हिरवा, निळा. पिवळा होत नाही," मी तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं.

"मग उचला मशीन. मंचरचा लाईटवाला बोलावतो. त्याच्याकडं व्हतो."

हा तज्ज्ञपणा जुन्नरचा. वीस वर्षं मी तिथं उस्तादांच्या हाताखाली पाट्या रंगवल्या. पहिला धडा होता: पिवळ्यातून बरंच बनतं, पण पिवळा कशातूनच बनत नाही. लाल-हिरवा मिसळला की चिखल. एकदा एका किराणा दुकानाच्या पाटीवर मी तो केलाही. उस्तादांनी ती पाटी महिनाभर माझ्या नाकासमोर टांगून ठेवली. टर्पेंटाइनचा वास आला की मला अजून ती पाटी आठवते, आणि का कोण जाणे, बरं वाटतं. पुढे फ्लेक्स आला, ब्रश वाळले, मी लाईटच्या धंद्यात शिरलो.

तर मी पेंटरचं डोकं चालवलं. निळ्या किरणासमोर पिवळा जिलेटीन कागद धरला. पिवळा कागद निळा उजेड गिळतो, हे मला कुठं माहीत? नावच गायब.

"आता तर पोरगीबी गेली!" चुलते ओरडले.

कमानीवरची पाटी हाताने रंगवायला उस्तादच आले होते. फडक्याला हात पुसत आत आले. "लाल न् हिरवा एकदम लावून बघितला का?"

"उस्ताद, तुम्हीच शिकवलं. चिखल होतो."

"अरे, ते डब्यातलं. हितं डबा कुठं हाय? लाव!"

लावला. पडद्यावर दोन नावं, एक लाल, एक हिरवं, एकमेकांना खेटून. आणि जिथं ती एकमेकांवर चढली होती, तिथं पिवळी रेघ! मशीनच्या आत किरण वळवणारे छोटे आरसे असतात. त्यांचे स्क्रू फिरवत मी दोन्ही किरण एकाच रेषेवर आणले. सगळं नाव पिवळं झालं, पण कच्च्या लिंबासारखं. डोळ्याला हिरवा जास्त जाणवतो. मी हिरवा कमी करत गेलो. उस्ताद पाटी बघायचे तसे डोळे बारीक करून उभे.

"आजून. आजून थोडा... बास. झाली हळद."

पेंट उजेड खातो, म्हणून मिसळाल तेवढा काळवंडतो. लेझर म्हणजे नुसता उजेड. त्यात उजेड मिसळला की तो वाढतो. एवढंच होतं.

चुलत्यांनी मंचरला लावायला काढलेला फोन खिशात घातला आणि नाव बघायला नवरीला बोलावलं. "पेंटर, लई भारी," उस्तादांना म्हणाले.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला 'होत नाही' म्हणण्याआधी मी बटण दाबून बघतो. त्याला पाच सेकंद लागतात. त्या दिवशी मी अनुभवाच्या जोरावर अख्खा तास लावला होता.