साबणांच्या मागची डबी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सांगितलंय. शंभरदा सांगितलंय. पालमच्या त्या नव्या मार्टमध्ये माझ्यावर चोरीचा आळ कसा घेतला, चारचौघांत मला पर्स उघडायला कसं सांगितलं, हे माहेरी, सासरी, शाळेत, लग्नाच्या पंगतीत — जिथं विषय निघाला तिथं सांगितलंय. ऐकणारे हळहळतात. एखादी बाई माझा हात हातात घेते. आणि मी तो घेऊ देते. उरलेलं अर्धं मात्र मी कधी तोंडाबाहेर काढलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. ते तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे.

मी सरकारी शाळेत शिकवते. अठ्ठावीस वर्षं झाली. मराठी आणि इतिहास. आठवीपर्यंतची शाळा आहे आमची, आणि दुपारच्या खिचडीचा सगळा कारभार माझ्याकडे — किती मुलं जेवली, किती तांदूळ शिजले, ते मीच लिहायचं. खिचडी शिजवायला कांता होती. पस्तिशीची असेल. नवरा पुण्याकडे बांधकामावर, वर्षातून दोनदा यायचा. मुलगी मनीषा आमच्याच शाळेत आठवीला, माझ्या वर्गात. कांताच्या हाताला चव होती, आणि तोंडाला कुलूप. सकाळी माझ्या टेबलावर न सांगता चहा यायचा. मी कधी तिला तो मागितला नव्हता. कधी तिचे आभारही मानले नव्हते.

त्या दिवशी अंड्यांचा वार होता. मुलांना खिचडीबरोबर उकडलेलं अंडं द्यायचं, असं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. पण कापूस वेचणीचे दिवस. निम्मी पोरं आईबापाबरोबर रानात. खिचडी उरली, अंडी उरली. मीच कांताला म्हणाले, टाकून देऊ नको, घरी ने. ती नको नको म्हणत होती. मी स्वतः — हे नीट ऐका — मी स्वतः माझ्या हातानं चार अंडी तिच्या डब्यावर ठेवली आणि म्हणाले, मनीषाला दे, वाढतं वय आहे.

शाळा सुटल्यावर मी मार्टमध्ये गेले. स्टँडकडच्या रस्त्यावर नवंच निघालं होतं ते. आपल्या हातानं वस्तू घ्यायची, टोपलीत टाकायची, दारापाशी पैसे द्यायचे. वर कॅमेरे. पालमसारख्या गावात त्याचं मोठं अप्रूप. मालक आमच्या शाळेच्या समितीवर होते. त्यांची बायको गल्ल्यामागं बसून टीव्हीवर सगळ्या दुकानावर नजर ठेवायची; झालेलं पुन्हा बघायची सोय मात्र तेव्हा नव्हती.

मी तूरडाळ घेतली, चहापत्ती घेतली. मग बायकांच्या वस्तूंच्या फळीपाशी गेले आणि एक डबी उचलली.

कसली डबी? इथंच माझी जीभ अडते. चोरीची असती तर एक वेळ सांगवलं असतं. गोरं होण्याच्या क्रीमची डबी होती ती. माझं वय तेव्हा एकावन्न. रंग काळा. लहानपणापासून ऐकत आलेले — पोरगी हुशार हाय, पण रंगानं मार खाल्ला. आणि दरवर्षी मुलींपुढं भाषण करणारी मीच: रंगात काही नसतं, गुण बघावेत, असल्या क्रीमच्या नादी लागू नका. ते भाषण ऐकलेल्या कितीतरी मुलींच्या आया त्या घटकेला दुकानात होत्या. डबी हातात घेऊन मी मागची बारीक अक्षरं वाचली. चष्मा लावून वाचली. तेवढ्यात कुणाची तरी हाक आली, बाई, नमस्कार! मी दचकले. डबी साबणांच्या मागं सारली, चष्मा त्याच्या घरात घालून पर्समध्ये टाकला आणि पैसे द्यायला गेले.

पैसे दिले, आणि मालकांच्या बायकोनं मालकांना हाक मारली. त्या दोघांची कुजबुज झाली. मग मालक अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, राग मानू नका. एक डबी ऱ्हायली जनू. मिसेसनं कॅमेऱ्यात पाह्यलं, तुमी उचलली. पर्समधी काहीतरी टाकलं."

एक वाक्य पुरलं असतं. डबी साबणांच्या मागं आहे, मला नको होती. बस. एवढंच. पण मागं पाच-सहा जण टोपल्या घेऊन उभे होते. त्यांच्यासमोर ती डबी साबणांमागून बाहेर येणार, मालक ती हातात धरणार, तिच्यावर ते अर्ध्या काळ्या अर्ध्या गोऱ्या बाईचं चित्र — आणि माझं नाव.

मी म्हणाले, "मी कुठलीही डबी उचललेली नाही."

हे खोटं होतं. चोर नसलेल्या माणसानं खोटं कशाला बोलावं? पण बोलले. आणि एकदा बोलल्यावर साबणांची फळी दाखवायची वाटच बंद झाली.

"मंग पर्स दाखवा की," मालकांची बायको म्हणाली. "मनात किंतू कशाला."

पर्समध्ये काय होतं? रुमाल, गोळ्या, चष्म्याचं घर. दाखवली असती तर दोन मिनिटांत सुटले असते. पण पंचवीस वर्षं ज्यांच्या पोरांची दप्तरं मी तपासली, त्यांच्यासमोर माझी पर्स उपडी करायची? मी ती पोटाशी धरून उभी राहिले. इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. इथंच थांबते. मग म्हणते, शेवटी त्यांनीच माफी मागितली.

मधलं हे.

रांगेत माझ्या मागं कांता होती. मला ठाऊकच नव्हतं. कपडे धुवायच्या साबणाची वडी हातात घेऊन उभी होती. आयुष्यात कधी वर मान करून न बोललेली ती बाई पुढं आली. थेट मालकांसमोर.

"काय बोलायलाव मालक तुमी?" ती म्हणाली. "आमच्या बाई हायत त्या. त्या असं करत न्हाईत. मी रोज पाहते त्यांला."

दुकानात दुसरं कुणीही माझ्या बाजूनं हललं नव्हतं. ज्यांना मी मुळाक्षरं शिकवली असे दोन बाप्ये होते तिथं. ते खाली बघत होते. एकटी कांता आली. आणि मी काय केलं?

मी तिच्याकडे बोट केलं.

"माझी पर्स कशाला?" मी म्हणाले. "हिची पिशवी बघा आधी. ही पण त्याच फळीपाशी होती."

हे मला सुचलं कसं, असं तुम्ही विचाराल. सुचायला वेळ लागलाच नाही, हे सांगते. जिभेवर तयारच होतं. आणि बोलल्यावर मला काय वाटलं, तेही सांगते — हलकं वाटलं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून उठून तिच्यावर गेल्या, आणि मी श्वास घेतला. त्या श्वासाची मला आज किळस येते.

मालकांना पटकन पटलं. माझ्यापेक्षा ती चोर आहे हे पटणं सोपं होतं ना. त्यांच्या बायकोनं कांताच्या हातातली पिशवी ओढून गल्ल्यावर उपडी केली. कंगवा, घराची किल्ली, डबा. डबा लवंडला, खिचडी सांडली, आणि अंडी घरंगळत फरशीवर पडली. एक फुटलं. कुणीतरी हसलं. क्रीमची डबी अर्थातच नव्हती. मग तिला आतल्या खोलीत नेलं आणि पदर झटकायला लावला. पडद्याआडून आवाज येत होता, "हाय का काही? हाय का?" ती म्हणत होती, "न्हाई वं ताई, देवाशप्पथ न्हाई." मी बाहेर उभी होते. पर्स माझ्या काखेत. ती कुणीच उघडली नाही.

ती बाहेर आली तेव्हा मालक अंड्यांकडे बघत होते. समितीवरचा माणूस, त्यांनी ओळखलं. "ही शाळेची अंडी हायत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी दिली का?"

कांतानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला होता — आता बाई सांगतील. खरंच तसा भाव होता तो. मी मुलांचे चेहरे वाचत आले आहे आयुष्यभर, माझं चुकायचं नाही.

मी म्हणाले, "मला विचारून कुणी काही नेत नसतं."

बघा किती सफाईनं बोलले. व्याकरणाची बाई ना मी. धड खोटंही नाही. कांतानं वाकून उरलेली तीन अंडी उचलली, गल्ल्यावर ठेवली आणि साबणाची वडी तिथंच सोडून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मालकांची बायको पेढे घेऊन माझ्या घरी आली. डबी सापडली होती, साबणांच्या मागं. "त्या बाईनंच लपवून ठुली आसंल," ती म्हणाली, "मागून न्यायला. आन आमी तुमच्यावर आळ घेतला. पाप लागंल आमाला." माझे यजमान म्हणाले, झालं गेलं विसरा. मी काय केलं? पेढा घेतला आणि खाल्ला. दुसराही खाल्ला.

आठवड्याभरात समितीची बैठक झाली. पोरांच्या तोंडचं नेते, दुकानात धरली होती — गावानं दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. शिवाय एका सदस्याच्या भावजयीला ते काम हवंच होतं. बैठकीच्या आधी कांता माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली. दुकानाबद्दल एक अक्षर बोलली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, अंड्याचं तेवढं सांगा. तुमी दिलती म्हनून. दुसरं काही नगं."

मी म्हणाले, "बघते."

बैठकीत हेडसरांनी मला विचारलं, तुमचं काय म्हणणं? मी म्हणाले, समिती ठरवेल ते. ठराव मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून शाळेचं सगळं लिखाण माझ्याकडेच असतं. तिला कामावरून कमी करण्यात येत आहे, सर्वानुमते. तो कागद अजून शाळेच्या कपाटात आहे. त्यात एकही खाडाखोड नाही.

मनीषा पंधरा दिवस शाळेत येत होती. तिसऱ्या बाकावर बसायची. एका खिचडीच्या सुट्टीत मुलं तिला काहीतरी बोलली, अंड्यावरून. मी व्हरांड्यात होते, मला ऐकू आलं. मी वर्गात गेले नाही. मग एक दिवस ती यायची थांबली. कांता मुलीला घेऊन सेलूकडे माहेरी गेली, असं कळलं. मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं — रोज तो बाक दिसणार नव्हता म्हणून.

मी गोष्ट मात्र सांगत राहिले. माझ्या अपमानाची. सांगता सांगता तिला चांगला घाट आला. मागच्या उन्हाळ्यात एका नव्या शिक्षिकेला सांगितली, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही कसं सहन केलंत, म्याडम?" ती म्हणाली. मी मान हलवली.

परवा, महिनाही झाला नसेल, भाचीच्या लग्नाला जायला मी देवगाव फाट्यावर गाडी बदलत होते. दुपार होती. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी होते, तर एक उंच मुलगी धावत आली. "बाई! वळखलं का? मी मनीषा." अकरावीत आहे म्हणाली. मराठीत सगळ्यांत जास्त मार्क पडले म्हणाली. "तुमी शिकवलेलं अजून ध्यानात हाय, बाई." मग मागं वळून तिनं हाक मारली, "आई, बघ कोन हायत! आपल्या बाई!"

कांता लिंबाखाली बाकावर बसली होती. तिनं मला आधीच पाहिलं होतं. ती उठली नाही. मान फिरवून रस्त्याकडे बघत राहिली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिनं मुलीला सांगितलेलंच नव्हतं. का नाही सांगितलं? लेकीच्या मनातली बाई तशीच राहावी म्हणून? की तिला स्वतःचीच लाज वाटली — जी लाज माझी होती? मला ठाऊक नाही. मी तिच्याकडे गेले नाही. वीस पावलं होती.

भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मनीषानं वाकून माझ्या पायाला हात लावला. पाय मागं घ्यायला वेळ होता मला.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा, म्हणाले.