सयाजीमामांना पानावरून उठवायचं होतं

माझ्या सासूबाई रुक्मिणीबाई कुणाचं काही विसरत नाहीत. कुणी चांगलं केलेलं विसरत नाहीत, आणि वाईट केलेलं तर मुळीच नाही. तळवड्यात त्या मेस चालवायच्या तेव्हा एक दूधवाला दुधात बेधडक पाणी घालायचा. आईंनी भांडण काढलं नाही. एका सकाळी त्याला कौतुकाने आत बोलावलं, पाटावर बसवलं आणि त्याच्याच कॅनमधलं दूध तापवून तांब्याभर त्याच्यापुढे ठेवलं. तो तांब्या रिकामा होईपर्यंत त्या दार अडवून उभ्या होत्या आणि मेसमधली पोरं पोहे खात मजा बघत होती. त्यानंतर त्याच्या दुधावर जाड साय यायला लागली म्हणतात.

मलाही राग पटकन येतो, म्हणूनच आमचं जमतं. ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही सासूसुना एका ओट्यापाशी उभ्या राहतो आणि जगाची हजेरी घेतो.

बार्शीकडून लग्न होऊन आई इकडे आल्या तेव्हा अण्णा, म्हणजे माझे सासरे ज्योतीराम, भोसरीच्या एका कंपनीत लेथवर होते. पगारात भागेना म्हणून आईंनी शिफ्टवाल्या पोरांना जेवायला घालायला सुरुवात केली. त्यांच्या मेसचा नियम एकच होता. पानावर बसलेल्या माणसाला हलवायचं नाही. मग बाहेर घरमालक येऊन थांबो नाहीतर कंपनीची बस हॉर्न मारो. अण्णा स्वभावाने इतके गरीब, की घरातलं रागवायचं सगळं खातं त्यांनी लग्नाच्या दिवसापासून बायकोकडे देऊन टाकलेलं.

अशा माणसाला भर पंगतीतून उठवलं ते आईंच्या सख्ख्या भावाने.

सयाजीमामा चाकणच्या कंपन्यांना कामगार पुरवायचे, त्यात ते वर आले. मुलीचं लग्न त्यांनी जुन्या सरदारांच्या गढीत लावलं. चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या शेडी संपल्या की टेकडीवर ती गढी आहे. तेव्हा ती लग्नाला भाड्याने मिळायची. दरबाराच्या दालनात पंगत बसली, अण्णांनी वरणभात कालवून पहिला घास उचलला, आणि मामा कंपनीचे साहेब घेऊन आत आले. जागा नव्हती. मामांनी अख्ख्या ओळीवरून नजर फिरवली आणि बरोब्बर अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, उठा जरा. तुमी तर घरचेच."

बहिणीचा नवरा म्हणजे मानाचा माणूस. त्याला आधी बसवतात, आग्रह करकरून वाढतात. अण्णा भाताने माखलेला हात घेऊन उठले, त्यांच्या पाटावर साहेब बसला, आणि आमची माणसं स्कूटरवरून उपाशी घरी आली. आईंनी त्या दिवसापासून माहेर सोडलं. राखी नाही, भाऊबीज नाही. मामांचे फोन येत राहिले, आई उचलत नव्हत्या. अण्णा मात्र त्यावर कधी एक अक्षर बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत याचा आईंना जास्त त्रास व्हायचा.

पुढे गढी एका मोठ्या हॉटेलवाल्याने घेतली. पागेच्या जागी पोहण्याचा तलाव झाला, सरदारांच्या खोल्यांना एसी लागले. अण्णांची एकसष्टी आली तेव्हा निरंजनने, माझ्या नवऱ्याने, आईंना विचारलं की काय करू या. जन्मात कधी काही न मागितलेली बाई म्हणाली, गढीवर राहायला जाऊ. आणि तुझ्या सयाजीमामाला बोलव.

निरंजनच्या डोळ्यांत पाणीच आलं. आई निवळली, असं त्याने घरभर सांगितलं. मला खरं ते ओट्यापाशी कळलं. लसूण सोलता सोलता आई म्हणाल्या, "त्याच दालनात, पहिल्या घासाला उठवणार हाय त्याला."

मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. माझ्या सासऱ्याचा अपमान करून हा माणूस वर्षानुवर्षं आरामात जेवत होता.

बेत साधा होता. त्या हॉटेलात पाहुण्यांसाठी गढीची पंगत म्हणून प्रकार आहे. खाली पाट, पुढे केळीचं पान, फेटेवाले वाढपी. जितकी माणसं सांगाल तितकेच पाट मांडतात. आईंनी एक पाट कमी सांगितला. उभी हयात अण्णांच्या शेजारच्या मशिनवर काम केलेल्या भीमराजकाकांना जोडीने जेवायचं आमंत्रण दिलं, पण थोडं उशिरा या म्हणाल्या. ते आले की मामांना उठवून त्यांच्या पाटावर काकांना बसवायचं. काकांना यातलं काही सांगितलं नव्हतं.

गढीवर आम्ही सकाळीच पोचलो. दारात दोन मुलींनी ओवाळलं, कैरीचं पन्हं दिलं. निरंजन तोफेजवळ फोटो काढत सुटला. अण्णांना खोलीतला दिवा कसा लावायचा ते कळेना, म्हणून ते व्हरांड्यातच बसून राहिले. मामा आले ते काठी टेकत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी बहिणीसाठी साडी आणली होती. आईंनी साडी घेतली, कपाळाला लावली, मला दिली. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मी मनात म्हटलं, वा!

दालनात बसायची वेळ झाली तेव्हा वाढप्याने मामांसाठी खुर्ची आणली. आई म्हणाल्या, नको, दादाला पाटाची सवय आहे. मामा भिंतीला धरून, कण्हत, कसेबसे खाली बसले. मला हसू आलं. खोटं कशाला सांगू?

पानं वाढून झाली. अण्णांनी घास घेतला, निरंजनने घेतला, मीही घेतला. मामांचा घास तोंडाशी गेला आणि दारात भीमराजकाका आणि काकू दिसले. दोघं इस्त्रीच्या कपड्यांत, हातात हार.

आईंनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, ऊठ जरा. तू तर घरचाच."

मामांनी आधी बहिणीकडे बघितलं, मग अण्णांकडे. त्यांना सगळं आठवलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं, ती एकदम खाली गेली. त्यांनी घास पानात ठेवला आणि उठायला लागले. उठता येईना. एक हात भाताने भरलेला, दुसरा जमिनीवर टेकलेला. फेटेवाले एकमेकांकडे बघायला लागले. निरंजन नुसता "आई, हे काय?" म्हणत राहिला. भीमराजकाका दारातून आत आलेच नाहीत. दुसऱ्याच्या पानावर बसायला मी आलो नाही वहिनी, एवढंच ते म्हणाले.

आणि अण्णा उठले.

त्यांनी पान पुढे सारलं, मामांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं. आमच्याकडे पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. मधून एक माणूस उठला तर दुसऱ्याने घास घ्यायचा नाही, ही जुन्या माणसांची रीत. आईंइतकी ती कुणाला पाठ नव्हती. पण रागाच्या भरात ती नेमकी त्याच विसरल्या, आणि ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तो नवरा त्याच दालनातून दुसऱ्यांदा उपाशी उठला.

कोपऱ्यात हात धुवायला पितळी घंगाळ ठेवलं होतं. मी टॉवेल घेऊन धावले. अण्णांनी आधी मामांच्या हातावर पाणी घातलं, त्यांना काठी दिली, आणि ते दाराकडे गेल्यावर स्वतःचे हात धुवायला घेतले. आई मागोमाग आल्या. आवाज दाबलेला होता.

"तुमी कशाला उठला? तुमच्यासाठी केलं समदं. तुमाला उठवलं व्हतं त्यानं."

"त्यानं उठवलं त्याचं काय न्हाई गं," अण्णा म्हणाले. "त्याला सायबांची गरज व्हती, त्याचं पोट त्यांच्यावर व्हतं. मी उठलो तवा तू त्याच वळीत तूप वाढत व्हतीस. माझ्याकडं बघितलंस. आन् मग माझ्या पाटावर बसलेल्या सायबाला बी तूप वाढलंस."

आईंनी मला त्या लग्नातलं सगळं सांगितलं होतं. साहेबाच्या बुटांचा रंगसुद्धा सांगितला होता. हे तेवढं सांगितलं नव्हतं.

अण्णांनी माझ्याकडून टॉवेल घेतला, हात पुसले, नीट घडी घालून परत दिला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकवत नव्हतं. मग ते बाहेर गेले. भीमराजकाकांनी गाडी काढली, मामांना पुढे बसवलं, अण्णा आणि काकू मागे बसले, आणि सगळे हायवेवरच्या धाब्यावर जेवायला गेले. निरंजनही एका वाढप्याची बाईक मागून घेऊन त्यांच्या मागे गेला.

दालनात आम्ही दोघीच उरलो. वाढप्याने अदबीने विचारलं की गोड वाढू का. आई मामांच्या पाटाशी उभ्या होत्या. त्या बसतील असं मला वाटलं. बसल्या नाहीत. रडल्याही नाहीत, तो त्यांचा पिंड नाही. दूधवाल्यापुढे दार अडवून उभ्या असतील तशाच ताठ उभ्या होत्या, फक्त आता समोर कुणी नव्हतं.

"दादाला मी उठवलं," त्या म्हणाल्या. "मला कुणी उठवायचं?"